रोज एक ठोका

खोली बघायला गेले तेव्हा भास्करअण्णांनी भाड्याच्या आधी आवाजाचं सांगितलं. "बाई, खाली तांब्याचं काम चालतं. सकाळी आठ ते एक, मग तीन ते सात. डोकं उठेल. मागाहून म्हणू नका, सांगितलं नाही म्हणून."

मी म्हटलं, "मी शाळेत गणित शिकवते. एका वर्गात साठ मुली असतात. मला आवाजाची भीती घालू नका."

ते हसले आणि खोली मला मिळाली. ही नव्वद सालच्या जरा आधीची गोष्ट. जुन्या नाशकातली तांबटांची आळी, खाली अण्णांचं दुकान, मागे त्यांचं घर आणि वर मी. तिथे मी बारा वर्षं राहिले. त्यातली निम्मी वर्षं अण्णांना ओळखते असं मला वाटत होतं, आणि तो माझा गैरसमज होता.

अण्णा मठाराचं काम करत. तांब्याचं भांडं घडून झालं की त्यावर बारीक हातोडीने ठोके घालतात, त्याला मठारणं म्हणतात. भांडं लोखंडी खुंट्यावर धरायचं, डाव्या हाताने फिरवायचं आणि उजव्या हाताने एकाला लागून एक ठोका टाकायचा. ओळीवर ओळ. काम चांगलं असेल तर उन्हात भांडं असं चमकतं की नजर ठरत नाही. आळीत मठारणारे बरेच होते, पण अण्णांची ओळ म्हणजे पट्टीने आखलेली. त्यांचा ठोका कानालाही ओळखू यायचा. पाच ठोके, मग भांडं फिरवायला एवढीशी उसंत, पुन्हा पाच. त्या तालावर मी वह्या तपासायचे. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे मी त्यांच्या हातोडीवर उरकलेले आहेत.

माणसांना भांड्यांची नावं देण्याची त्यांना खोड होती. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणजे बंब. "आत विस्तव, पण घरभर ऊन पाणी तिच्याच जिवावर." मी फुलपात्र. "भरायला वेळ लागत नाही, सांडायलाही नाही." मी चिडले की ते वहिनींना हाक मारून म्हणत, "अगं, फुलपात्र सांडलं बघ." आणि मी आणखी चिडायची.

आळीत अण्णांना मान होता तो मात्र हातापेक्षा शपथेचा. तरुणपणी ते दारू प्यायचे, चांगलीच प्यायचे. एकतिसाव्या वर्षी वणीच्या गडावर जाऊन त्यांनी देवीपुढे शपथ घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. नुसते शिवले नाहीत असं नाही, त्यांनी त्याचं शास्त्रच केलं होतं. खोकल्याचं औषध आणलं की बाटलीवरचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घेत. एकदा वहिनींनी होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या, तर "त्यात अर्क असतो" म्हणून त्यांनी त्या चिमणीला घातल्या. चिमणीने खाल्ल्या नाहीत, तर म्हणाले, "बघा, तिलाही कळतं."

कुणाच्या घरी नवरा पिऊन धिंगाणा घालायला लागला की त्याची बायको अण्णांकडे यायची. मग अण्णा त्या माणसाला घेऊन एस.टी.ने वणीला जायचे आणि शपथ देऊन आणायचे. अशा सात जणांची दारू त्यांनी सोडवली होती. ते सातही जण दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन आधी अण्णांकडे यायचे, मग देवळात जायचे.

आणि हे अण्णा रोज गांजा ओढायचे.

यात चोरी अशी काही नव्हती. दारू सोडली तेव्हा रात्र रात्र झोप लागेना, हात कापायला लागला. घाटावरच्या एका बैराग्याने चिलीम पुढे केली. भोलेबाबाचा प्रसाद. झोप लागली, हात ठरला. तेव्हापासून संध्याकाळची एक चिलीम सुरू झाली, मग दुपारची, मग सकाळची. शपथ दारूची होती. हे काही दारू नव्हतं. आळीतल्या पुरुषांना माहीत होतं, पण याला व्यसन म्हणावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दारू पिणारा ओरडतो, पडतो, मारतो. अण्णा नुसते गप्प बसत. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "मला तर बरंच वाटायचं हो. घरात आरडाओरड नाही. म्हटलं, ओढू दे बापडे."

मला तर पत्ताच नव्हता. दुकानामागच्या खोलीत भट्टी होती. तिथे ते भांड्यांना कल्हईही करून द्यायचे. कल्हईला नवसागर टाकतात, त्याचा पांढरा धूर घशात बसतो. माझ्या खिडकीतून जो उग्र वास यायचा तो मी सहा वर्षं नवसागराचा समजत होते. "अण्णा, तुमचा नवसागर जरा कमी करा" असं मी दोन-तीनदा सांगितलंही. ते खाली मान घालून म्हणायचे, "करतो, बाई."

एक गोष्ट मात्र मला कळत होती. ठोके बदलले होते. पाच, उसंत, तीन. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन. दुपारभर हातोडी थांबलेली असायची. गिऱ्हाइकं हेलपाटे घालायची आणि अण्णा दुकानात बसून समोरच्या भिंतीकडे बघत असायचे. बोललेलं त्यांना आठवायचं नाही. स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचं कबूल करून गेले नाहीत, आणि विचारलं तर म्हणाले, "आज होतं?" मी तर मनातून खूशच होते. दुपारची शांतता मिळत होती, वह्या भरभर होत होत्या. रोज कानावर पडणारा ताल मोडत चाललाय, एक माणूस आपल्या पायाखालच्या खोलीत विझत चाललाय, आणि मी गणिताची बाई ठोके मोजून आज निवांतपणा आहे म्हणते. याची मला आजही लाज वाटते.

मग ते घंगाळ आलं.

निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार, पाटील, गोणपाटात गुंडाळून एक जुनं तांब्याचं घंगाळ घेऊन आले. मी माझ्या गळक्या कळशीला डाग लावून घ्यायला दुकानात उभी होते. पाटलांना पुतणीच्या लग्नासाठी असंच दुसरं घंगाळ हवं होतं. अण्णांनी गोणपाट सोडलं, घंगाळ दारात उन्हाला नेलं आणि बराच वेळ ते फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती अशी जाग आली.

"कुणाचं काम हो हे?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडचं नाय. पुण्याचा कारागीर असणार. बघा बाई, ओळ बघा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक ठोका दुसऱ्यावर चढला नाय. असा हात आता राह्यला नाय कुणाचा."

पाटील हसायला लागले. "काय आण्णा, गंमत करता गरिबाची? तुमीच तं केलंय ना हे. माझ्या बहिणीच्या लग्नात. तेरा वर्सं झाली आसतील. इथंच, ह्याच दारात उभा व्हतो मी."

अण्णांनी घंगाळ उलटं केलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला ते एक खूण करत, तीन टिंबं आणि खाली चंद्रकोर. ती तिथे होती.

पाटील अजून हसत होते. अण्णांनी खुणेवरून अंगठा फिरवला. आपला हात त्यांनी ओळखला नव्हता. दुसऱ्याचा समजून त्याला दाद दिली होती. "आठ दिवसांनी या," एवढंच म्हणाले आणि माझी कळशी तशीच ठेवून आत गेले.

आठ दिवस त्यांनी नव्या घंगाळावर काम केलं. शेवटी दोन्ही घंगाळं शेजारी शेजारी मांडली. नव्याच्या ओळी वर चढत होत्या, खाली उतरत होत्या, मध्येच एकावर एक ठोका. माझ्या नववीतल्या मुलीसुद्धा त्याला सरळ रेषा म्हणाल्या नसत्या. अण्णा म्हणाले, "वय झालं आता."

वहिनी दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "मामंजी सत्तरीपर्यंत मठारत होते."

त्या दिवसापासून अण्णांनी स्वतःच चिलीम बंद केली. चार दिवस. पहिल्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी जेवण नाही. अंगाला घाम सुटत होता. डोळा लागला की अशी स्वप्नं पडायची की ओरडत उठायचे. चौथ्या दिवशी चहा गार आहे म्हणून त्यांनी कपबशी भिंतीवर फेकली. दारू सोडल्यापासून त्यांनी घरात काही फेकलं नव्हतं. मुलगी घाबरून माझ्याकडे पळत आली. पाचव्या दिवशी मागच्या खोलीतून तो वास पुन्हा यायला लागला आणि तेव्हा वहिनींनी मला नवसागर आणि गांजा यांतला फरक सांगितला.

दोन दिवसांनी जिन्यावर पावलं वाजली. सहा वर्षांत अण्णा कधी माझ्या खोलीत आले नव्हते. एकट्या बाईच्या खोलीत जाऊ नये हा त्यांचा नेम. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बाई, मला सुटत नाय," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"गडावर जाऊन येऊ का दुसरी शपथ घेऊन? पण लोक इचारतील ना, आता कशाची? माझ्याकडं बघून सात जणांनी दारू सोडली, बाई. त्यांना काय सांगू? की म्याच..."

मी कामाचं बोलले. माझी एक विद्यार्थिनी मनाच्या आजारांची डॉक्टर झाली होती आणि तिने गंगापूर रोडला दवाखाना टाकला होता. गणितात ती पहिल्यापासून कच्ची. त्यामुळे माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता असं नाही, पण दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. मी तिचं नाव सांगितलं.

"वेड्यांचा दवाखाना?"

"हो. मीही येते. दोघंही वेडे ठरू."

आळीत त्यांनी सांगितलं की गंगापूर रोडला एका बंगल्यात बंबाचं माप घ्यायचंय. खरं वाटावं म्हणून मापाची पट्टी खिशात घातली. डॉक्टरच्या खोलीत वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या आणि मध्ये अण्णा, हातात पट्टी.

"मी दारू पीत नाही," त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं.

"छान," डॉक्टर म्हणाली. "गांजा दिवसातून किती वेळा होतो, काका?"

"मोजलं नाय."

"सकाळची पहिली चिलीम कधी?"

"तोंड धुतल्यावर."

"चहाच्या आधी की नंतर?"

अण्णांनी पट्टी दुसऱ्या हातात घेतली. वहिनी म्हणाल्या, "आधी."

"पूर्वी जेवढ्याने भागायचं तेवढ्याने आता भागतं का?" "नाय." "सोडून बघितलं?" "चार दिवस." त्या चार दिवसांचं तिने सगळं विचारून घेतलं, घाम, झोप, स्वप्नं, कपबशी. प्रत्येक गोष्टीला ती अशी मान हलवत होती जसं काही तिला ते आधीच माहीत होतं. मग म्हणाली, "काका, गांजाची सवय लागत नाही असं लोक म्हणतात. लागते. तुम्हाला लागलीय. आणि चार दिवसांत जे झालं ते सवय सुटतानाच होतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. तुम्ही नेमके सगळ्यात अवघड दिवशी परत फिरलात. या वेळी एकट्याने करायचं नाही, एवढंच."

अण्णांनी विचारलं, "शपथ घेऊ?"

"नको. शपथ मोडली की माणूस लाजेने दवाखान्यात यायचाच बंद होतो. तुम्ही मोडली तरी या."

झोपेसाठी तिने थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाकीचं सगळं बोलण्याचं काम होतं, दर आठवड्याला. घाटावर जायचं नाही, भट्टीच्या खोलीत एकटं बसायचं नाही, ओढावंसं वाटलं की वहिनींना सांगायचं. आणि रोज वहीत लिहायचं, आजचा दिवस कसा गेला. येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "पोरगी गडवा आहे गडवा. लहान, पण कलंडायची नाय." भांड्याचं नाव मिळालं म्हणजे ती पसंत पडली, हे मला आणि वहिनींना कळलं.

वही मात्र त्यांनी उघडली नाही. मी दोन कोऱ्या वह्या दिल्या, त्या तशाच राहिल्या. त्याऐवजी त्यांनी तांब्याचा एक गोल पत्रा कापला आणि पहिल्या दिवशी बरोबर मध्यावर एक ठोका टाकला. चिलमीशिवाय गेलेल्या दिवसाचा एक ठोका. दुसऱ्या सकाळी त्याला लागून दुसरा. मी वर चहाचा कप घेऊन वाट बघायची. सकाळी आठाच्या सुमाराला एकच ठोका वाजायचा, टण्, आणि मी कामाला लागायची. पहिले ठोके वेडेवाकडे होते. त्यांचा हात घामाने ओला असायचा, त्या आठवड्यात ते घरातल्या प्रत्येकावर एकदा तरी ओरडले, माझ्यावर दोनदा. पण टण् वाजत होता.

तेविसाव्या दिवशी वाजला नाही.

घाटावरचा कुणी जुना मित्र दुकानात येऊन गेला होता. पुढचे दोन आठवडे अण्णा दवाखान्यात गेले नाहीत. वहिनी रडल्या नाहीत, पण बंब थंड झाला होता. शेवटी एका दुपारी त्यांनी तो पत्रा पिशवीत घातला, अण्णांचा हात धरला आणि भर आळीतून त्यांना रिक्षापर्यंत नेलं. माप-बिप काही सांगितलं नाही.

अण्णांनी डॉक्टरपुढे पत्रा ठेवला. "ओळ मोडली. हा पत्रा सपाट करतो आणि पहिल्यापासून धरतो."

डॉक्टरने त्यावरचे ठोके मोजले. "हे बावीस दिवस खोटे होते का?"

"नाय."

"मग पुसता कशाला? जागा सोडा आणि पुढे चला."

ही गोष्ट अण्णांना फार जड गेली. मोडलेली ओळ भांड्यावर ठेवायची नाही हा त्यांच्या धंद्याचा धर्म. चुकलं की भांडं तापवायचं, सपाट करायचं, पुन्हा मठारायचं. स्वतःची चूक सगळ्यांना दिसेल अशी ठेवून पुढे काम करायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्यांनी जागा सोडली. त्या पत्र्यावर पुढे आणखी दोन ठिकाणी अशी जागा सुटलेली आहे, एक चार दिवसांची आणि एक एकाच दिवसाची. त्यानंतर नाही.

त्या वर्षी दसऱ्याला सातजण पानं घेऊन आले तेव्हा अण्णांनी त्यांना बसवलं आणि पत्रा दाखवला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. "म्या तुम्हाला शपथ दिली, पण मी सोवळा नव्हतो. दारू नव्हती, पण गांजात होतो. आता दवाखान्यात जातो. वेड्यांच्या." त्यांतल्या एकाने पान अण्णांच्या हातावर ठेवलं, नमस्कार केला, मग बाकीच्यांनी. सहा जण गेले. सातवा बसून राहिला. "आण्णा," तो हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरचा दवाखाना नक्की कुठंशी हाय?"

पाटलांच्या पुतणीला लग्नात आत्याचं ते जुनंच घंगाळ गेलं. मनासारखं नवं व्हायला सव्वा वर्ष लागलं. ते झालं त्या दिवशी अण्णांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाले, "बाई, पट्टी आणा." मी खरंच पट्टी आणली. लावायची गरज पडली नाही. बुडाला खूण करून त्यांनी ते निफाडच्या एस.टी.त स्वतः ठेवलं आणि कंडक्टरला दहा वेळा बजावलं.

पुढे मी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. पहिले काही दिवस सकाळी आठाला माझं कामात लक्ष लागेना. मग सणासुदीला आळीत जाणं होई. स्टीलपुढे तांब्याचं काम कमी कमी होत गेलं, पण अण्णांचं दुकान चालू राहिलं. पत्रा रिंगणात वाढत कडेला पोचला, तसा त्यांनी दुसरा घेतला.

शेवटचं त्यांना बघितलं ते दोन हजार आठच्या दिवाळीत. कंपवाताचा आजार होऊन दोन वर्षं झाली होती. मान हलायची, उजवा हात तर ठरतच नव्हता. मठाराचं काम सुटलं होतं. मी गेले तेव्हा आठ वाजायचे होते. वहिनींनी त्यांना खुंट्यापाशी बसवलं आणि पत्रा स्वतः धरून दिला. अण्णांनी हातोडी उचलली. ती हवेत इतकी कापत होती की मला बघवेना. दोनदा खाली आणली, दोनदा थांबवली. तिसऱ्यांदा ठोका पडला, टण्, ओळीच्या चांगला बोटभर बाहेर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं असावं.

"फुलपात्र सांडलं," ते वहिनींना म्हणाले. मग पत्रा माझ्याकडे सरकवून त्या वाकड्या ठोक्यावर त्यांनी कापरं बोट टेकवलं.

"वाकडा पडला ना, बाई? पडू दे. हा मात्र वयाचा हाये."